आधी काय दळलंय?

माणसाने काय खाल्लं हे लपवून ठेवण्याचा काळ पृथ्वीवरून कायमचा संपला, तो २०३९ सालच्या मार्च महिन्यात. निदान तशी घोषणा तरी झाली. मंगळवेढ्यात तो संपायला आणखी पाच आठवडे लागले, कारण पाकिटावर पिनकोड चुकीचा पडला होता आणि ते आधी मंगळूरला जाऊन आलं.

पाकीट मल्लिनाथ शेटे यांच्या नावाचं होतं. शनिवार पेठेच्या तोंडाशी त्याची पिठाची गिरणी. वय अठ्ठावन्न, जानेवारीत सोलापूरला हृदयात दोन स्टेंट बसवून घेतलेले. पाकिटात लाल मखमलीच्या खणात तांदळाएवढा एक दाणा होता. कंपनीने त्याचं नाव ‘अंतःसाक्षी’ ठेवलं होतं. गावात पहिल्या दिवसापासून त्याला ‘दाणा’च म्हणतात.

दाणा पाण्याबरोबर गिळायचा. लहान आतड्यात पोचला की त्याला बारीक आकडे फुटतात, आणि गोचीड चिकटावी तसा तो आतड्याच्या अस्तराला चिकटून सहा महिने मुक्काम करतो. त्याची वीज पोटातल्या रसांवरच चालते. प्रत्येक धान्याचं प्रथिन वेगळं असतं. ज्वारीचं वेगळं, गव्हाचं वेगळं, हरभऱ्याचं वेगळं. खालून जाणाऱ्या प्रत्येक घासातली प्रथिनं दाणा हुंगतो आणि कोणतं धान्य किती गेलं ते मोबाइलवर कळवतो. चिमूटभर असलं तरी कळवतो. शिवाय पोटातल्या कालवणाचा चिकटपणा मोजून रोज एक आकडा देतो. त्याला म्हणायचं पोटांक. शंभरापैकी.

हे सगळं सृष्टीने घडवून आणलं होतं. सृष्टी ही मल्लिनाथची एकुलती एक मुलगी, पुण्यात एका आहार-प्रयोगशाळेत नोकरीला. दाण्याबरोबर तिने तीन महिन्यांचा ओटचा कोंडाही पाठवण्याची व्यवस्था केली होती, दर आठवड्याला एक पुडा. मग तिने फोन केला आणि अट सांगितली.

“अप्पा, तीन महिने. पोटांक साठाच्या वर राहिला तर गिरणी तुमची. खाली गेला तर गिरणीला कुलूप, आणि तुम्ही दोघं माझ्याकडं पुण्याला.”

“पुण्याला येऊन मी काय करू?”

“आराम.”

या शब्दाची मल्लिनाथला धास्ती होती. मागच्या वेळी सृष्टीच्या चौदाव्या मजल्यावर तो आठ दिवस राहिला, तेव्हा त्याने तिचा मिक्सर तीनदा खोलून साफ केला होता. नवव्या दिवशी तो शेजाऱ्यांचा मागायला निघाला, तेव्हा महानंदाने, म्हणजे बायकोने, परतीची तिकिटं काढायला लावली.

“बरं. ओट म्हणजे काय ते तरी सांग.”

“धान्य आहे, थंड देशातलं. त्याचं वरचं साल म्हणजे कोंडा.”

“सालच ना? म्हणजे तिकडच्या म्हशींचं खाणं.”

“अप्पा, भेंडी चिरल्यावर तार सुटते की नाही? ओटच्या कोंड्यात तसाच एक तंतू असतो, बीटा-ग्लुकान. पाण्यात पडला की त्याची खळ होते. आता बघा, जेवण पचवायला यकृत पित्त सोडतं. काम झालं की शरीर ते पित्त परत शोषून घेतं, पुन्हा वापरायला.”

“काटकसरी आहे.”

“आहेच. पण ही खळ त्या पित्ताला धरते आणि बाहेर घेऊन जाते. मग यकृताला नवीन पित्त करावं लागतं. ते कशापासून करतं? कोलेस्टेरॉलपासून. ते कुठून उचलतं? रक्तातून. म्हणून रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं. रोज दोन मुठी कोंडा, ताकात कालवून. एवढंच.”

मल्लिनाथला शास्त्र पटलं. चव पटली नाही. कंपनीने कोंड्याला व्हॅनिलाचा वास लावला होता, आणि ताकात व्हॅनिला ही गोष्ट मंगळवेढ्यात त्याआधी कोणी केली नव्हती. पहिला घोट घेऊन तो बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत बसला. चौतीस वर्षं त्याने लोकांच्या दळणातला कोंडा चाळून बाजूला काढला होता आणि घमेल्यात भरून भागाबाईच्या म्हशीला पाठवला होता. आता उलटा प्रवास सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी तो महानंदाला म्हणाला, “डब्यात भरून दे. गिरणीत निवांत खातो.”

“ताक?”

“तिथं आणतो.”

डबा घेऊन तो निघाला, आणि गिरणीच्या मागच्या बोळात भागाबाईच्या गोठ्याकडे वळला. चंद्री नावाची म्हैस रवंथ करत उभी होती. त्याने डबा तिच्यापुढच्या टोपल्यात ओतला.

“हे काय, मालक?” भागाबाईने विचारलं.

“कोंडाच आहे. परदेशी. कोणाला बोलू नको.”

भागाबाई कोणाला बोलली नाही, असं त्याने धरून चाललं.

रोज संध्याकाळी सृष्टीचा फोन येई. “खाल्ला का?” “खाल्ला.” पहिल्या दोन दिवसांचा पोटांक एकोणतीस आणि एकतीस होता, पण सृष्टी म्हणाली, सुरुवातीला वेळ लागतो. मल्लिनाथ मनातल्या मनात गिरणीचा निरोप घेऊ लागला. पाचव्या दिवशी मोबाइल टुणकन वाजला. पडद्यावर हिरवी अक्षरं होती. ‘ज्वारी: भरपूर. ओट: पुरेसे. पोटांक ६४. शाब्बास, मल्लिनाथ!’

त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्या दिवशी ओटचा कणसुद्धा त्याच्या पोटात गेला नव्हता. सगळा चंद्रीला गेला होता, त्याने स्वतः ओतला होता. सहाव्या दिवशी सहासष्ट. सातव्या दिवशी अडुसष्ट.

यावर त्याने दोन दिवस विचार केला आणि एक निष्कर्ष काढला. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस आला नाही, की बिलावर सरासरी आकडा टाकतात. दाणाही तेच करत असणार. आत अंधार, गर्दी, त्याला काय दिसतंय? सृष्टीने पुडे मागवलेत हे कंपनीला माहीत, तेव्हा ओट खाल्लं असेल असं धरून तो अंदाजे रीडिंग टाकतो. हा निष्कर्ष त्याला फार आवडला. यंत्राविषयी त्याला एकदम आपुलकी वाटू लागली.

बोच एकच होती, आणि ती त्याच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेली होती.

मल्लिनाथकडे दोन गिरण्या होत्या. मोठी, ज्वारी, गहू आणि बाकी रोजच्या धान्यांची; आणि छोटी, फक्त उपासाची: राजगिरा, वरी, शिंगाडा. पिठाच्या गिरणीत आधीच्या दळणातलं मूठभर पीठ आत राहतं आणि पुढच्याच्या डब्यात जातं. म्हणून मंगळवेढ्यातली बाई डबा खाली ठेवायच्या आधी विचारते, “आधी काय दळलंय?” मल्लिनाथने याचं उत्तर द्यायला प्रत्येक गिरणीवर शाळेतली पाटी टांगली होती. वर तैलरंगात ‘आधी:’ आणि पुढे खडूने धान्याचं नाव. प्रत्येक दळणानंतर तो ते पुसून नवीन लिही. चौतीस वर्षांत पाटी एकदाच चुकली. हरभऱ्यानंतर नाचणी पडली, आणि नाचणी होती एका तान्ह्या पोराच्या खिमटीसाठी. तेव्हा मल्लिनाथ सायकलवरून त्यांच्या घरी गेला, पीठ परत आणलं आणि स्वतःच्या घरची नाचणी दळून दिली. शपथ घ्यायची वेळ आली तर गावातली माणसं देवाची घेत. दोन-तीन वाद मात्र असे झाले होते की ते शेटेच्या पाटीवर मिटले.

आणि हा पाटीवाला माणूस रोज संध्याकाळी पाटीखाली उभा राहून मुलीला सांगत होता, खाल्ला.

बाकी दिवस बरे चालले होते. भाकरीसुद्धा हल्ली बरी होत होती. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा कमी. उन्हाळ्यात पीठ जुनं झालं की भाकरीच्या कडा फुटतात. यंदा फुटत नव्हत्या.

“ज्वारी कुठली गं ही?” त्याने एकदा महानंदाला विचारलं. “मऊसूत होतीय अगदी. खरपूस वासही येतोय.”

“आपलीच. हाताला वळण लागलं असेल,” महानंदा म्हणाली. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती.

तीन महिने जुलैच्या मध्यावर भरले. मंगळवारी सकाळी सृष्टी एसटीने आली ती थेट गिरणीत. आदल्या आठवड्यात दिलेल्या रक्ताचा अहवाल तिच्या मोबाइलवर आला होता. महानंदा मोठ्या गिरणीपाशी चाळण घेऊन पीठ चाळत होती.

“अप्पा! वाईट कोलेस्टेरॉल जानेवारीत एकशे बासष्ट होतं, आता अठ्ठ्याऐंशी झालं. पोटांकाची सरासरी सत्तर. मी प्रयोगशाळेत सगळ्यांना दाखवलं. सर म्हणाले, इतका नियमित माणूस आमच्या पाहण्यात नाही.”

“असं म्हणाले?” मल्लिनाथ खडू शोधू लागला.

“गिरणी तुमची. मी परत बोलायची नाही.”

नेमक्या त्याच वेळी पायरीवर काठी वाजली आणि नाझरकरबाई आत आल्या. वृंदा नाझरकर, वय बहात्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका. त्यांनी आठवीत मल्लिनाथलाही शिकवलं होतं आणि सृष्टीलाही. हातात पिठाचा डबा आणि मोबाइल. एव्हाना गावात आणखी काही जणांनी दाणा गिळला होता, त्यांत बाईही होत्या.

“शेटे, उभा राहा.”

मल्लिनाथ उभाच होता. तरी तो आणखी ताठ झाला.

“माझे सोळा सोमवार चालू आहेत. गुडघ्यासाठी. चैत्रात धरले. काल पंधरावा होता.” बाईंनी मोबाइल त्याच्यापुढे धरला. “काल दुपारी तुझ्याकडचा राजगिरा खाल्ला. वाच, माझा दाणा काय म्हणतो.”

मल्लिनाथने वाचलं. ‘राजगिरा: पुरेसा. ओट: किंचित.’

“ओट!” बाई म्हणाल्या. “उपासाच्या पिठात धान्य! पंधरा सोमवार पाण्यात. आता मी परत पहिल्यापासून करायचे का? परवा आधी काय दळलं होतंस?”

मल्लिनाथने छोट्या गिरणीच्या पाटीकडे बोट दाखवलं. “राजगिरा. रविवारी चार वाजता तुमचं दळण घेतलं, तेव्हा पाटीवर राजगिराच होता. सकाळी सावंतांचा काढलेला. दुसरं काही असतं तर मी आधी मूठभर राजगिरा घालून, काढून, टाकून दिला असता. पाटीवर राजगिरा होता म्हणून लागलं नाही.”

“मग हे ओट कुठून आलं?”

“यंत्र चुकलं असेल, बाई.”

“यंत्र चुकत नाही,” सृष्टी म्हणाली. तिला राहवलं नाही. “नाझरकरबाई, दहा लाख दाण्यांवर चाचणी झालीय. अप्पांचं बघा ना, तीन महिने एकही चुकीचं रीडिंग नाही.”

गिरणीत शांतता झाली. म्हणजे मोठ्या गिरणीचा पट्टा फिरत होता, पण त्याला मंगळवेढ्यात शांतताच म्हणतात.

मल्लिनाथला आपण कुठे येऊन उभे आहोत ते दिसलं. यंत्र बरोबर असेल, तर पाटी खोटी. चौतीस वर्षांत दुसऱ्यांदा, आणि तीही बाईंच्या पंधराव्या सोमवारी. यंत्र चूक असेल, तर पाटी खरी; पण मग त्याचे स्वतःचे चौसष्ट, सहासष्ट, सत्तर, सगळे चूक, आणि गिरणीला कुलूप. चौदावा मजला. मिक्सर. नुसतं गप्प राहिलं तर गिरणी वाचत होती. बाईंनी फार तर सोळा सोमवार पुन्हा धरले असते. गुडघा काही कुठे जात नव्हता.

त्याने पट्टा बंद केला.

“सृष्टी, यंत्र चूक आहे.”

“अप्पा, पण—”

“ऐक. मी कोंडा खाल्लेलाच नाही. पहिल्या दिवशी एक घोट घेतला तेवढाच. रोज डबा नेऊन चंद्रीला घालायचो. भागाबाईच्या म्हशीला. तरी ते यंत्र रोज म्हणायचं, ओट पुरेसे, शाब्बास मल्लिनाथ. ते अंदाजे रीडिंग टाकतं. तेव्हा बाई, तुमचा उपास मोडलेला नाही. पाटीवर जे होतं तेच खरं.”

सृष्टी ज्वारीच्या पोत्यावर बसली.

“नव्वद दिवस,” ती म्हणाली. “नव्वद दिवस मी रोज विचारलं, अप्पा. मी माझ्या लग्नाचं बोलणं पुढं ढकललं, तुमचा आकडा बघून मग ठरवू म्हणून. आणि तुम्ही म्हशीला—”

“लग्नाचं बोलणं?” मल्लिनाथ म्हणाला. “कोणाशी?”

“ते आता राहू दे.”

“कुलूप माझ्याकडंच आहे,” मल्लिनाथ म्हणाला. “जुनं आहे, तेल घालावं लागेल.”

तेवढ्यात महानंदाने चाळण खाली ठेवली. हात पदराला पुसले.

“यंत्र बरोबर आहे,” ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“दुसऱ्याच दिवशी भागाबाई टोपलं घेऊन आली. म्हणाली, वैनी, हे काय दिलंय मालकांनी, चंद्री तोंड लावीना. वास येतोय म्हणाली. मी तिला म्हटलं, रोज मला आणून देत जा, मालकांना सांगू नको.”

“म्हशीनं खाल्ला नाही?” मल्लिनाथ म्हणाला. तो जरा दुखावला होता.

“नाही. मी तव्यावर खरपूस भाजायची, मग वास उडतो. दुपारी तुम्ही झोपला की छोट्या गिरणीत बारीक काढायची, मोठीत उडतो तो. आणि तुमच्या भाकरीच्या पिठात मिसळायची. बुधवारी करत होते, बुधवारी उपासाचं कोणी येत नाही. गुरुवारी राजगिऱ्याची मूठ घालून साफ करून ठेवायची. या वेळी पुडा उशिरा आला, म्हणून रविवारी दुपारी केलं.”

“आणि पाटी?”

“पाटीवर काय लिहू? ओटचा कोंडा? चार वाजता उठून तुम्हीच वाचलं असतं.”

मल्लिनाथने पाटीकडे पाहिलं. पाटी खोटी होती, आणि ती त्याच्याच खोट्यामुळे खोटी झाली होती. हे त्याला लगेच समजलं. समजायला थोडा वेळ लागला असता तर बरं झालं असतं.

“मला का नाही बोललीस?”

“बोलले असते तर तुम्ही अजून लांबच्या म्हशीला घातला असता.”

सृष्टी हसली. मग तिने तोंडावर हात ठेवला, कारण नाझरकरबाई हसत नव्हत्या.

“महानंदा, तुझं नवऱ्याचं झालं. माझ्या सोमवारांचं काय? मूठ घालून साफ तरी का नाही केलंस?”

“घाईत राहिलं बाई, आणि खरं सांगू? मला वाटलं, चालत असेल.”

“धान्य? उपासाला?”

“आपल्या धान्यात नाव आहे का त्याचं? गहू चालत नाही, ज्वारी चालत नाही, हे आजी सांगून गेली. ओटचं कोणीच काही सांगितलं नाही. साबुदाणा बाहेरच्या देशातून आला, तो चालतो. बटाटा बाहेरून आला, तो चालतो. मिरची, शेंगदाणा, रताळं, सगळे बाहेरचे. बाहेरून आलेलं सगळंच चालतंय उपासाला, मग यानं काय घोडं मारलंय?”

पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईंना आपल्या ताटातली खिचडी कोणकोणत्या खंडांतून आली आहे याची यादी डोळ्यांपुढे दिसत असावी. त्यांनी काठीवर हात बदलले.

“भटजींना विचारते,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण शेटे, तू कबूल झालास ते बरं केलंस. आठवीत नव्हतास होत.”

भटजींनी दोन दिवस पोथ्या चाळल्या आणि कळवलं की ओटविषयी शास्त्रात काहीही म्हटलेलं नाही. न कळत गेलं असेल तर दोष नाही. कळून खायचं असेल तर पुढच्या वर्षी विचारावं. बाईंचा सोळावा सोमवार पार पडला. गुडघा आहे तसाच आहे.

गिरणीला कुलूप लागलं नाही. सृष्टीने त्या संध्याकाळी बराच वेळ हिशेब लावला: आकडा खरा होता, खाणाराही तोच होता, फक्त त्याला माहीत नव्हतं, अटीत माहीत असावं असं कुठे म्हटलं नव्हतं. पण रोजचा फोन तिने बंद केला. आता ती आठवड्यातून एकदा करते, आणि महानंदाला करते. लग्नाचं बोलणं लातूरच्या एका मुलाशी आहे. त्याला गिरणी बघायची आहे, असं तिने दोनदा सांगितलं. मल्लिनाथला तो आधीच आवडू लागला आहे.

मल्लिनाथ आता कोंडा उघड खातो. बिनवासाचा मागवतात, आणि खातो मात्र भाकरीतूनच. दळायला त्याने तिसरी, लहानशी गिरणी बसवली, आणि तिच्यावरही पाटी टांगली. तिच्यावर वर्षभर एकच शब्द असतो, तरी तो रोज पुसून पुन्हा लिहितो. उपासाच्या गिरणीत मात्र पाटीवर काहीही असलं तरी आधी मूठभर जातं. ती मूठ चंद्रीला मिळते. राजगिरा ती खाते.

ऑगस्टमध्ये मल्लिनाथला तपासणीसाठी सोलापूरला नेलं. सृष्टीने डॉक्टरांपुढे सगळा आलेख उघडला: एकशे बासष्टवरून अठ्ठ्याऐंशी, शेजारी पोटांकाची हिरवी रेघ. डॉक्टरांनी तो नीट पाहिला.

“छान,” ते म्हणाले. “कोंडा चालू ठेवा. यातली पाच-सहा टक्के घट त्याची असेल. बाकीची गोळीची.”

कोलेस्टेरॉलची ती गोळी मल्लिनाथ जानेवारीपासून रोज रात्री जेवणानंतर पाण्याबरोबर घेत होता. घेतली का, असं त्याला कोणी कधी विचारलं नव्हतं.